पिलम वाकायलाच हवं का?

तुम्ही विचारलंय ते आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे गल्लत नको. तुम्ही सांगलीला मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहात. कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी रोमन सैनिकाचा फेकायचा भाला, म्हणजे पिलम, बनवलंत. जिथे तिथे वाचलंत की हे पिलम ढालीत घुसलं की त्याची लोखंडी सळई वाकायची, त्यामुळे शत्रूला ते उपसून परत फेकता येत नसे. तुमचं मात्र वाकलंच नाही. तिसऱ्या फेकीला दांडाच सांध्यापाशी उभा चिरला. म्हणून विचारताय की वाकावं यासाठी रोमन लोक कोणतं लोखंड वापरत, तुमचं मोडलं का, दुसरं करायचं तर कसं, आणि आपल्याकडे असं काही होतं का.

मी मूळचा कोल्हापूरचा, शिरोली एमआयडीसीतल्या एका टूलरूममध्ये उमेदवारी केलेला. गेली पंधराएक वर्षं इंग्लंडमध्ये चेस्टरला आहे. रोमन काळात या गावाचं नाव ‘देवा’ होतं आणि इथे विसाव्या लीजनची, म्हणजे रोमन सैन्याच्या एका मोठ्या पलटणीची, छावणी होती. इथल्या हौशी मंडळींच्या रोमन कवायतीत मी लोहारकाम सांभाळतो, कारण शिरस्त्राण घालून मिरवायला सगळे तयार असतात, भट्टीपाशी घामाघूम व्हायला कोणी नसतं. पिलमं बनवली, फेकली, मोडली, पुन्हा सांधली. त्या जोरावर सांगतो.

वाकावं म्हणून वेगळं लोखंड वगैरे काही नव्हतं. पिलम वाकण्यासाठी बनवतच नसत. ढाल भेदून ढालीमागच्या माणसापर्यंत पोचावं, एवढ्यासाठी त्याची सगळी घडण आहे. वाकणं हा वरकड परिणाम. कधी घडतो, कधी नाही.

वाकण्याची गोष्ट आली कुठून? मुख्यतः ज्युलियस सीझरकडून. इ.स.पू. ५८ मध्ये हेल्वेती या गॉल जमातीशी झालेल्या लढाईचं वर्णन करताना तो लिहितो की गॉल लोकांच्या एकाला एक लागून धरलेल्या ढाली एकाच पिलमने भोसकून एकमेकींना जखडल्या गेल्या. लोखंड वाकल्यामुळे त्यांना ते उपसता येईना, डावा हात अडकल्यामुळे नीट लढता येईना. शेवटी बऱ्याच जणांनी हात झटकझटकून ढाली टाकल्या आणि उघड्या अंगाने लढले. वर्णन झकास आहे आणि खोटं मानायचं कारण नाही. पण त्याच सीझरने पुढच्याच वर्षी, इ.स.पू. ५७ मध्ये, नेर्वी या दुसऱ्या जमातीशी झालेल्या लढाईबद्दल काय लिहिलंय तेही बघा. नेर्वी आपल्याच मेलेल्यांच्या ढिगावर उभे राहून लढत होते आणि आलेली पिलमं उचलून रोमनांवर परत भिरकावत होते. म्हणजे ती वाकलेली नव्हती. एकाच सेनापतीच्या हाताखालची, लागोपाठच्या दोन वर्षांतली दोन उदाहरणं. पहिलं प्रत्येक लेखात असतं, दुसरं सोयीस्करपणे गाळतात.

सीझरच्या आधीचा रोमन सेनापती मारियस, त्याची गोष्टही अशीच उलट बाजूने वाचावी लागते. ग्रीक चरित्रकार प्लुटार्क सांगतो की इ.स.पू. १०१ च्या किंब्री लोकांविरुद्धच्या लढाईआधी मारियसने पिलममध्ये एक बदल केला. लोखंड लाकडात बसवायला दोन लोखंडी खिळे असत. त्यांतला एक काढून त्याने लाकडी खुंटी घातली. ढालीवर आदळताच खुंटी तुटायची, दांडा एका खिळ्यावर लुळा पडायचा आणि जमिनीवर घासत फरफटायचा. आता मला सांगा, सळई आपोआप वाकत असती तर मारियसला ही खटपट करायची गरज काय होती? आणि ही युक्ती पुढे कायमची रुजली असंही दिसत नाही. जर्मनीत ओबेराडेन इथे ऑगस्टसच्या काळातली, म्हणजे इ.स.पू. ११ ते ८ च्या सुमाराची छावणी सापडली. तिथली पिलमं दांड्याच्या लाकडासकट मिळाली आहेत. त्यांत खिळे लोखंडाचेच आहेत, आणि वर तोंडाशी लोखंडी टोपी बसवून ती पाचरी ठोकून आवळलेली आहे. सांधा सुटावा अशी इच्छा असणारा माणूस पाचरी ठोकत बसत नाही.

तिसरा साक्षीदार पॉलिबियस. इ.स.पू. दुसऱ्या शतकातला हा ग्रीक इतिहासकार रोमन सैन्य आतून पाहिलेला. त्याची मापं आपल्याला वाचायला फार सोपी, कारण तीही हात, वीत आणि बोटं यांतच आहेत. पिलमचा दांडा तीन हात, लोखंडही तीन हात, त्यातलं निम्मं लोखंड लाकडात बसवलेलं आणि खिळ्यांनी पक्कं जोडलेलं. लाकडापासून निघते तिथे सळई दीड बोट जाड. सांधा इतका मजबूत, की लोखंड मोडेल पण जोड सुटणार नाही, असं तो आवर्जून सांगतो. तीन आणि तीन सहा हात, त्यातून दीड हात आत गेलं, उरलं साडेचार हात. म्हणजे जवळपास दोन मीटर. आज जी प्रमाणं आपण धरतो तीच ही. आता गंमत अशी, की पहिल्याच आदळीत वाकून परत फेकण्याजोगं न उरणाऱ्या अस्त्राचं वर्णनही पॉलिबियसच करतो, पण ते पिलमचं नाही. ते वेलिटेस नावाच्या हलक्या पायदळाच्या छोट्या बरचीचं आहे. लाकूड दोन हात, बोटभर जाड, आणि टोक वीतभर, इतकं पातळ ठोकलेलं की लगेच वाकावं. माझा संशय असा, की या बरचीचा गुण कुठल्या तरी टप्प्यावर पिलमच्या खात्यावर जमा झाला आणि मग तिथेच राहिला.

फार्सालसची लढाई, इ.स.पू. ४८. प्रतिस्पर्धी सेनापती पाँपेच्या घोडदळाला अडवायला सीझरने सहा कोहॉर्ट, म्हणजे लीजनमधल्या तुकड्या, आडोशाला ठेवल्या होत्या. त्यांना ताकीद होती की पिलम फेकू नका, हातात धरून स्वारांच्या तोंडावर खुपसा. धक्का लागताच वाकणारं हत्यार घोड्यावरच्या माणसासमोर धरून कोण उभं राहील?

मग सळई एवढी लांब आणि बारीक का? इथे खरं डोकं आहे. साध्या भाल्याचं पातं रुंद असतं. ते ढालीत घुसलं की मागचा जाड दांडा त्या भोकात अडकतो आणि भाला तिथेच थांबतो. ढालीमागचा माणूस शाबूत. पिलमचं टोक चौकोनी पिरॅमिडसारखं, करंगळीच्या टोकाएवढं, आणि त्यामागची सळई टोकापेक्षा बारीक. टोकाने पाडलेल्या भोकातून सळई न घासता आत सरकते. दीड हात लांबीची सळई म्हणजे ढालीपलीकडे दीड हात पोच. डावा हात, खांदा, पोट, सगळं तेवढ्या अंतरात येतं. आणि सळईमागे जड लाकडी ठोकळा आहे, तो हातोड्यासारखा पाठीमागून रेटत राहतो. बाहेर ओढायला जाल तर टोकाच्या मागच्या कडा लाकडाच्या तंतूंत रुततात.

थोडा हिशेब करू, तुम्ही इंजिनियर होणार आहात. माझं नेहमीचं पिलम १.३ किलोचं. ते जास्तीत जास्त तीसेक मीटर जातं म्हणजे हातातून सुटताना वेग सेकंदाला सुमारे १७ मीटर. ऊर्जा निघते १९० ज्यूलच्या आसपास. हेच पिलम पाच मजली इमारतीच्या गच्चीवरून टोक खाली करून सोडलं तर तळाशी जेवढी ऊर्जा येईल, तेवढी. ती सगळी एक चौरस सेंटीमीटरच्या टोकावर. जर्मन अभ्यासक मार्कुस युंकेलमान यांनी प्रतिकृती वापरून जे प्रयोग केले त्यांत पाच मीटरवरून फेकलेलं पिलम ३० मिलिमीटर पाइनच्या फळीतून किंवा २० मिलिमीटर प्लायवुडमधून गेलं. हेच युंकेलमान १९८५ मध्ये रोमन पोशाखात माणसं घेऊन आल्प्स पायी ओलांडून गेले होते, तेव्हा हा खुर्चीतला अभ्यास नव्हे. आता ढाली किती जाड असत? सीरियात दुरा-युरोपोस इथे सापडलेली रोमन ढाल लाकडी पट्ट्यांचे तीन थर चिकटवलेली आहे आणि जेमतेम ५-६ मिलिमीटर जाड. इजिप्तमध्ये फायुमला सापडलेली ढाल मधोमध सेंटीमीटरभर. पिलमपुढे ही पापडच.

आमच्याकडे आम्ही १२ मिलिमीटर प्लायची, बाक दिलेली, वर चामडं चढवलेली ढाल लाकडी घोडीला बांधून ठेवतो. मागे हातभर अंतरावर ओले वर्तमानपत्र ठासून भरलेलं पोतं टांगतो. (जिवंत माणूस ढालीमागे कधीही उभा करायचा नाही, चिलखत घालूनसुद्धा नाही.) दहा-बारा पावलांवरून नीट बसलेली फेक असेल तर आवाज ठक्क असा येत नाही, टच्च असा येतो, फणसात सुरी गेल्यासारखा. जवळ जाऊन पाहिलं की ढालीवर बोटभर चौकोनी भोक, त्यात सळई सैल, आणि पलीकडे टोक पोत्यात वीतभर रुतलेलं. मग बाहेर पडलेल्या दांड्याकडे बघायचं. मीटर-सव्वा मीटर लाकूड आणि ठोकळा ढालीपुढे लोंबत असतो, त्याचं टोक गवताला टेकलेलं. ढाल घोडीवरून सोडून हातात घेऊन पाहा, म्हणजे हेल्वेतींचं दुखणं कळतं. वळायला गेलात की दांडा पायात येतो, ढाल उचलायला गेलात की तिचं नाक खाली जातं. आणि हे सगळं सळई सरळ असताना! उपसायचं तर ढाल आडवी टाकून तिच्यावर पाय देऊन, पिळत पिळत काढावं लागतं. समोर तलवार उपसून धावत येणारा माणूस असताना एवढी सवड कोणाला?

वाकतं कधी, तर माझ्या अनुभवात दोनच वेळा. फेक चुकून पिलम तिरकं जमिनीत घुसलं की मागचा जड भाग झोकांडी खातो आणि सळई लाकडाच्या थोडी वर कमरेत वाकते. किंवा ढालीत अडकलेलं असताना कोणी ढाल जोरात हिसडली की. ढालीवर काटकोनात बसलेलं पिलम फार क्वचित वाकलं. सीझरच्या लढाईत शेकडो माणसं अडकलेल्या ढाली हिसडत होती, पळत होती, एकमेकांवर पडत होती, तिथे लोखंड वाकलं नसतं तरच नवल.

आता तुमच्या पिलमकडे. फोटोवरून तीन गोष्टी दिसतात.

सळई तुम्ही १२ मिलिमीटरची घेतली, वरपासून खालपर्यंत सारखी, आणि टोकही त्याच बारला ग्राइंडरने तासून काढलं. म्हणजे टोक आणि सळई एकाच जाडीची. भोक पडतं पण सळई त्यात घासत जाते, अर्धी ऊर्जा तिथेच खर्ची. टोक सळईपेक्षा रुंद नसेल तर बाकी सगळं केलं तरी मुसळ केरात. (जाता जाता, लॅटिनमध्ये पिलम या शब्दाचा दुसरा अर्थ खरोखरच मुसळ असा आहे.)

दुसरी गोष्ट वजन. २.९ किलो! पॉलिबियस जाड पिलमबद्दल बोलताना चार बोटं जाडी सांगतो. ते संपूर्ण दांड्याचं माप धरलं तर हातात मावणार नाही असा सोटा तयार होतो. ते माप सांध्यापाशच्या ठोकळ्याचं मानलं की सगळं जागेवर येतं. सुरुवातीला मीही हाच घोळ घालून बसलो होतो. ते पिलम आता गॅरेजचं दार अडवायला वापरतो. स्पर्धेतला पुरुषांचा भाला ८०० ग्रॅमचा असतो. तो लांब जावा म्हणून बनवलेला असतो, पिलम जवळून खोल जावं म्हणून, त्यामुळे पिलम जड असणारच. पण दीड किलोच्या वर गेलात की रांगेत उभं राहून, ढाल एका हातात धरून, दोन पावलांच्या धावेवर ते फेकणं म्हणजे नाकापेक्षा मोती जड.

तिसरी गोष्ट, जिच्यामुळे दांडा चिरला: सांधा. तुमची शेपटी, म्हणजे लाकडात जाणारा चपटा भाग, चार बोटंसुद्धा नाही, आणि भोकं १० मिलिमीटरची, बोल्ट घालून. लाकडाच्या मधोमध एवढी भोकं पाडली की उरतं काय? आदळताना लोखंड मागे सरकतं, बोल्ट पाचरीसारखा तंतूंमध्ये दाबतो आणि दांडा उभा फाटतो. असंच विकतच्या मालाचंही होतं. मी पहिलं पिलम विकतच घेतलं होतं, पॉलिश एकदम फर्स्ट क्लास. दुसऱ्याच फेकीला फाटलं. उघडून पाहिलं तर आत बोटभर शेपटी, एक लाकडी स्क्रू, आणि बाहेरून रिव्हेट वाटाव्यात अशा दोन शोभेच्या टोप्या चिकटवलेल्या. भिंतीवर टांगायला बनवलेल्या वस्तूची फेकायला बनवलेल्या वस्तूशी तुलना करण्यात अर्थ नाही, चूक माझीच. जगात विकल्या जाणाऱ्या रोमन प्रतिकृतींपैकी पुष्कळशा डेहराडून आणि मेरठकडून येतात. तिथे चांगलं कामही होतं आणि शोभेचंही. घेताना वजन, टोकाखालची सळईची जाडी आणि शेपटीची लांबी विचारायची. विकणाऱ्याला शेपटीची लांबी सांगता आली नाही तर पुढे जाऊ नये.

नवीन बनवताना मी असं करतो.

लाकूड आधी, लोखंड नंतर. इथे अ‍ॅशचं लाकूड वापरतात, रोमनही तेच वापरत. तुम्हाला धामण मिळाली तर सोनं. कुदळी-कुऱ्हाडीच्या दांड्यांना आपल्याकडे ती पूर्वीपासून वापरतात, लवचिक आणि चिवट. साग नको, झटक्याला तडकतो. लेथवर काढलेले तयार गोल दांडे घेऊ नका. त्यात तंतू तिरके जातात आणि पॉलिशखाली दिसत नाहीत. लाकूड फाडून घ्या, कापून नको, म्हणजे तंतू या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ मिळतात. लांबी १.३५ मीटर, जाडी २८ मिलिमीटर, वरच्या टोकाशी मात्र वीतभर लांबीचा ५ सेंटीमीटर चौरस ठोकळा त्याच लाकडात ठेवायचा. म्हणजे सुरुवातीचा तुकडाच ५ सेंटीमीटरचा हवा आणि ठोकळा सोडून बाकी रंधून काढायचं. कंटाळवाणं काम आहे. ठोकळा वेगळा करून चिकटवायचा मोह होईल, करू नका. जर्मनीत वीसबाडेनला गायस वालेरियस क्रिस्पस या आठव्या लीजनच्या सैनिकाचा थडग्याचा दगड आहे. त्याच्या हातातल्या पिलमवर हा ठोकळा अगदी स्पष्ट कोरलाय, तो फोटो समोर ठेवा.

सळई माईल्ड स्टीलची चालेल. बांधकामाची टीएमटी नको, तिची साल कडक असते. १६ मिलिमीटरचा बार घ्या. एक टोक तापवून चपटं करत शेपटी काढा, १८ सेंटीमीटर लांब, साडेतीन सेंटीमीटर रुंद, ५ मिलिमीटर जाड. तेवढ्या रुंदीला बारमधलं लोखंड कमी पडतं, म्हणून आधी तो भाग तापवून ठोकून आखूड करून जाड करायचा. जवळच्या लोहाराला विचारा, तो एका तापात दाखवेल. काही जुन्या पिलमांत शेपटीच्या कडा किंचित दुमडलेल्या दिसतात, दुमडी लाकडाला दोन्ही बाजूंनी धरते आणि सगळा भार खिळ्यांवर येत नाही. मी हल्ली तसंच करतो आणि तेव्हापासून एकही दांडा फाटलेला नाही. सळई शेपटीपाशी १० मिलिमीटर, टोकाखाली ७, लांबी ६५ सेंटीमीटर, एकसारखी निमुळती. टोक ५ सेंटीमीटर लांब, बुडाशी ११ मिलिमीटर चौरस. दांड्याचं वजन आणि हे सगळं धरून १.४ किलोच्या आत बसतं, मी ताडून पाहिलंय.

टोकाला पाणी द्यावं का, म्हणजे तापवून पाण्यात बुडवून कडक करावं का, हा प्रश्न हमखास येतो. माईल्ड स्टीलला पाणी देऊन काही होत नाही, कार्बन फारच कमी असतो त्यात. टोक ईएन८ चं (जास्त कार्बनच्या पोलादाचं) करून वेल्ड केलं तर पाणी देता येईल, पण मग सळईच्या तेवढ्या भागाला ताप बसून कुठे मऊ कुठे ठिसूळ होते. लाकडी ढालीसाठी साधं टोक पुरतं. दर दहा-वीस फेकींनी कानस मारायची, बस.

खिळे ६ मिलिमीटरचे, मऊ लोखंडाचे, दोन. एक वर, एक खाली, एका सरळ रेषेत नकोत. थोडे तिरके मांडले की चीर एकाकडून दुसऱ्याकडे धावत नाही. भोक घट्ट हवं. दोन्ही बाजूंना वायसर घालून डोकं ठोकून फुलवायचं. सगळ्यात वर, ठोकळ्याच्या तोंडावर, चौकोनी लोखंडी टोपी घालून चारी बाजूंनी बारीक पाचरी. ही टोपी शोभेची वाटते, पण लाकूड फाटायला सुरुवात तिथूनच होते, म्हणून ती हवीच.

फेकण्याबद्दल. पिलम हातात आडवं तोलून पाहा, तोल ठोकळ्याच्या जरा मागे येतो, मूठ तिथे. स्पर्धेतल्या भालाफेकीसारखी लांब धाव नको. दोन-तीन पावलं, कोपर आधी, मनगट शेवटी, आणि सुटताना टोक किंचितच वर. रोमन सैनिकाला मागे जागा लागते, कारण हात मागे गेला की दांड्याचं बूड मागच्याच्या तोंडावर येतं. उशिराच्या काळातला रोमन युद्धशास्त्र-लेखक वेजेशियस म्हणूनच दोन रांगांत सहा फूट ठेवायला सांगतो, झेप घेऊन आणि धावत फेकलं की जोर जास्त येतो हेही त्याचंच. आमच्या कवायतीत हे अंतर कोणी विसरला की एखाद्या शिरस्त्राणाला पोचा येतोच. सुरुवात दहा मीटरवरून करा. वीस मीटरपर्यंत नेम धरता येतो, त्यापुढे नुसतं जातं. धावता माणूस वीस मीटर तीन-साडेतीन सेकंदांत संपवतो, तेवढ्यात फेकून तलवार उपसायची असते. इ.स.पू. ५८ मध्येच एरिओव्हिस्टस या जर्मन राजाचे लोक इतक्या झपाट्याने अंगावर आले की रोमनांना फेकायला वेळच मिळाला नाही. पिलमं टाकून थेट तलवारी काढाव्या लागल्या.

नवशिक्यांना वेजेशियस प्रत्यक्षापेक्षा जड भाले देऊन खांबावर फेकायला लावायला सांगतो. तुमचं २.९ किलोचं फेकून देऊ नका, दांडा बदलून त्याच कामाला लावा. खांद्याची काळजी घेऊन.

उशिराच्या रोमन काळात पिलम मागे पडलं आणि वेगवेगळी फेकअस्त्रं आली. त्यातलं प्लुंबाटा, शिशाचं वजन आणि पिसं लावलेला हातभर बाण, ढालीच्या आत पाच-पाच बसवून नेत असत. बनवायला सोपं आहे, पिलमपेक्षा दुप्पट लांब जातं, पण शिसं वितळवावं लागतं. ते घरात करू नका.

आपल्याकडच्या तुलनेबद्दल तुम्ही शेवटी विचारलंत. कोल्हापूरच्या मर्दानी खेळात विटा असतो, दोरी बांधलेला भाला, फेकायचा आणि ओढून परत घ्यायचा. लहानपणी पाहिलाय, आणि तो पिलमच्या बरोबर उलट विचाराने बनवलेला आहे: एक परत यावा म्हणून, दुसरं गेलं की गेलं. अख्खा लोखंडाचा भाला पाहायचा तर आपली सांग आहे आणि स्पेनमधल्या इबेरियन लोकांचं सोलिफेरम. याच इबेरियनांकडून इ.स.पू. २१९ मध्ये सागुंतुमच्या वेढ्यात वापरलेल्या फालारिका या पेटत्या फेकभाल्याचं वर्णन रोमन इतिहासकार लिव्ही करतो. ती पिलमसारखीच लांब सळईची, पण सळईला डांबरात बुडवलेला ताग गुंडाळून पेटवलेली.

एक कायद्याची बाब. भारताच्या शस्त्र नियमांच्या यादीत तलवारीबरोबर भाले आणि बरच्याही नावानिशी आहेत. कॉलेजचं पत्र घ्या, प्राध्यापकांना सोबत घ्या, जवळच्या पोलिस ठाण्यात आधी सांगून ठेवा, आणि प्रवासात टोकाला लाकडी टोपण ठोकून, वर गोणपाट गुंडाळून न्या. फेकताना समोर पन्नास मीटर मोकळं, मागे तीन मीटरमध्ये कोणी नाही, आणि एकाने फेकल्यावर सगळ्यांनी मिळून आणायला जायचं, मध्येच कोणी नाही. ढालीवरून निसटलेलं पिलम कुठे उडेल याचा नेम नसतो.

वाकलं तर घाबरू नका. बारीक बाक गार असतानाच ऐरणीवर लाकडी हातोड्याने निघतो. पण त्याच जागी दुसऱ्यांदा वाकलं की तापवूनच सरळ करा, आणि तापवताना लाकडाला ओलं फडकं गुंडाळायला विसरू नका. मी विसरलो होतो, ठोकळा आतून कोळसा झाला आणि ते मला पुढच्या फेकीलाच कळलं.

लाकूड फाडून झालं की तंतू दिसतील असा उन्हातला फोटो पाठवा. खिळे ठोकायच्या आधी शेपटी आणि ती बसायची लाकडातली खाचही दाखवा. ठोकल्यावर काही सांगून उपयोग नाही.